ओरडणारा प्रशिक्षक आणि गप्प राहणारा प्रशिक्षक

(प्रस्तरारोहण : वाचकांचे प्रश्न)

मागील अंकात रॅपलिंगच्या (दोरावरून कडा उतरण्याच्या) दोरांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत दोराविषयी थोडे आणि शिकवणाऱ्या माणसांविषयी फार आहे, म्हणून या वेळी त्याच विषयावरची चार पत्रे निवडली आहेत. लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. पावसाळा संपल्यावर मुलीबरोबर एका दिवसाच्या शिबिराला हौसेने गेले होते. साठेक फुटांच्या कड्यावरून रॅपलिंग होते. कडेला गेल्यावर माझे पाय लटपटू लागले. मागून प्रशिक्षक सारखे ओरडत होते, “खाली बघू नका, घाबरू नका, सोडा स्वतःला!” शेवटी त्यांनी जवळजवळ ढकललेच. खाली पोहोचल्यावर टाळ्या मिळाल्या, पण आपण नेमके काय केले हे मला आजही सांगता येत नाही, आणि पुन्हा जायचे म्हटले की पोटात गोळा येतो. मुलगी म्हणते, “आई, असा कडकपणा केल्याशिवाय भीती जात नाही.” हे खरे आहे का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : तुमच्या मुलीसारखे मत आमच्या क्षेत्रातील जुनी-जाणती माणसेही बाळगून असतात, त्यामुळे ते नुसते खोडून काढण्याऐवजी त्या कडेवर काय घडले ते पाहू.

कड्याच्या कडेवर आपले शरीर जे जे सुचवते ते जवळजवळ सगळे चुकीचे असते. शरीराला पुढे वाकून कातळाला मिठी मारावीशी वाटते. पण तसे केले की तळव्यांचा कातळावरचा दाब कमी होतो, पाय घसरतात आणि गुडघे खडकावर आपटतात. करायचे असते ते नेमके उलटे : कंबर मागे टाकायची, पाय खांद्यांच्या रुंदीइतके फाकवून तळवे कातळावर सपाट टेकवायचे, खुर्चीत बसावे तसे दोरावर बसायचे आणि ब्रेकचा हात (खालचा दोर धरून वेग आवरणारा) कमरेखाली ठेवायचा. हे उपजत येत नाही, ते सांगावे आणि करवून घ्यावे लागते. “घाबरू नका” या दोन शब्दांत यांतले काहीही नाही. घाबरलेल्या माणसाचे लक्ष इतके आक्रसलेले असते की त्याला एका वेळी एखादीच छोटी सूचना पेलते, आणि ती कोणती द्यायची हे ठरवण्यातच प्रशिक्षकाचे कसब असते. मी “खुर्चीत बसा” असे म्हणतो. अवयवांची नावे घेतली की माणूस आपल्याच गुडघ्यांकडे पाहत गोठून जातो. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगचा सराव देणाऱ्या यंत्रावर असेच काहीसे दाखवून दिले होते : ज्यांना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितले त्यांच्यापेक्षा, पायाखालच्या यंत्राच्या चाकांवरील दाबाकडे लक्ष द्यायला सांगितलेले लोक अधिक चांगले शिकले.

“खाली बघू नका” या सूचनेचा तर मला राग आहे. रॅपलिंग करणाऱ्याने खाली पाहिलेच पाहिजे. पुढचे पाऊल कुठे पडणार, दोर कुठे अडकला आहे, वाटेत कातळाचा टप्पा आहे की झुडूप, हे त्याशिवाय कळत नाही. पाहण्यालाच बंदी घातली की पाहणे हेच संकट आहे असा धडा मिळतो, आणि तुमच्या पोटातल्या गोळ्याचे मूळ बहुधा तिथे आहे.

साठ फुटांआधी तुम्हाला दहा-बारा फुटांच्या उतारावर न्यायला हवे होते. तिथे अर्ध्या वाटेवर “आता स्वतः थांबा” असे सांगायचे, आणि ब्रेकचा हात खाली ओढल्यावर आपण खरोखरच जागच्या जागी थांबतो हे शिकणाऱ्याने आपल्या हाताने अनुभवायचे. वरून सुरक्षेचा वेगळा दोर असतोच, शिवाय खाली उभ्या असलेल्या माणसाने दोर ताणला की डिसेंडरवरचे (दोर ज्यातून सरकतो त्या उतरण्याच्या साधनावरचे) घर्षण वाढून उतरणारा थांबतो. हेही आधी करून दाखवता येते. एकदा स्वतःच्या हाताने थांबता आले की भीती संपत नाही, पण ती ओळखीची होते. तुमच्या बाबतीत मात्र सगळे काम दोराने आणि खालच्या माणसाने केले, तुम्ही फक्त वजन पुरवलेत.

कडकपणा हवाच. तो हेल्मेटच्या पट्ट्याबाबत हवा, कॅरॅबिनरच्या (दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या) लॉकबाबत हवा, मोकळ्या केसांबाबत हवा (डिसेंडरमध्ये केस अडकलेला माणूस मी पाहिला आहे, ते दृश्य विसरता येत नाही). त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. पुन्हा जाल तेव्हा आधी छोटा उतार मागा, आणि कोणी पाठीला हात लावला तर स्पष्टपणे नाही म्हणा.

प्रश्न : मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि अॅडव्हान्स अभ्यासक्रम पूर्ण केले असून सध्या आमच्या संस्थेत रविवारी नव्या मुलांना शिकवतो. माझ्यासमोर मुले गाठी बिनचूक मारतात. चूक होताच मी लगेच सांगतो आणि ते लगेच सुधारतात. पुढच्या रविवारी मात्र पाटी कोरी असते. सर, माझे कुठे चुकते? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची जीभ त्यांच्या हातांपेक्षा वेगवान आहे, इतकेच. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ मिळाले की सराव डोळ्यांना फार छान दिसतो, पण शिकणारा स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकत नाही. तुमच्या शब्दाची त्याला कुबडी होते आणि तुम्ही नसलात की तो लंगडतो. सल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी हालचालींच्या शिक्षणावरील प्रयोगांचा १९८४ मध्ये आढावा घेतला तेव्हा त्यांचा रोख नेमका याच गोष्टीवर होता.

म्हणून गाठ मारून झाली की दहा सेकंद गप्प राहा आणि मग विचारा, “तुला काय वाटते, ही बरोबर आहे?” हा प्रश्न गाठ बरोबर असतानाही विचारायला हवा. केवळ चुकल्यावरच विचारलात तर मुले दोर न वाचता तुमचा चेहरा वाचतील. चेहरा वाचण्यात मुले मोठी तरबेज असतात.

दुसरे म्हणजे, पन्नास वेळा आठाची गाठ आणि मग पन्नास वेळा क्लोव्ह हिच असा रतीब घालू नका. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींचे तीन प्रकार काहींना एकेक करून, तर काहींना सरमिसळ करून शिकवले. सरावाच्या वेळी सरमिसळ करणारे मागे होते. दहा दिवसांनी पाहिले तेव्हा तेच पुढे होते. तेव्हा दोर हातात देऊन परिस्थिती सांगा : “हे झाड, हा दोर, तुला स्वतःला बांधून घ्यायचे आहे, कोणती गाठ?” कधी हातमोजे घालून मारायला लावा, कधी डोळे मिटून. त्या रविवारी मुले चुकतील आणि तुमच्या संस्थेचे पदाधिकारी नाक मुरडतील, पण तिकडे फार लक्ष देऊ नका.

गप्प राहण्यालाही मर्यादा आहे, आणि आपला विषय टेनिसपासून वेगळा होतो तो इथे. ज्या चुकीने जीव जातो ती चूक करण्याची मुभा फक्त जमिनीवर, दोन पायांवर उभे असताना. दोराची गाठ, हार्नेसचे (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचे) बक्कल, कॅरॅबिनरचे लॉक आणि बिले देणाऱ्याचा (चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याचा) ब्रेकचा हात या चार बाबतींत उंचीवर तुमचे मौन हा गुन्हा ठरेल. याउलट, वरून दोर पक्का असताना पाय चुकीच्या जागी ठेवून मुलगा घसरला तर घसरू द्या. फूटभर घसरून दोरावर लोंबकळताना त्याला जे कळते ते तुमच्या दहा वाक्यांनी कळणार नाही. मी पाहिलेले बहुतेक नवे प्रशिक्षक नेमके उलटे वागतात : “डावा पाय वर, अजून वर, उजवा हात तिकडे” असे बुद्धिबळाच्या सोंगटीसारखे मुलाला वर चढवतात आणि त्याची गाठ मात्र स्वतःच मारून देतात.

आणखी एक. मुलगा गाठ मारत असताना त्याच्याशी बोलू नका, विनोद करू नका, बाटली मागू नका. १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यूक्स येथे लिन हिल ही जगातील अव्वल प्रस्तरारोहक सुमारे सत्तर फुटांवरून खाली पडली. गाठ मारायला घेतल्यावर बुटाच्या नाडीकडे लक्ष गेले आणि गाठ अर्धीच राहिली. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. तिला गाठ येत नव्हती असे कोण म्हणेल? उत्तरकाशीला शिकवण्याच्या पद्धतीचाही वेगळा अभ्यासक्रम असतो. जमल्यास तो करा.

प्रश्न : आमचे ज्येष्ठ प्रशिक्षक पंचवीस वर्षे सह्याद्रीत चढत आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हा सर्वांना नितांत आदर आहे. ते आम्हाला हेल्मेट सक्तीचे करतात, स्वतः मात्र टोपी घालतात. स्वतःचे लॉक कुणाला तपासू देत नाहीत. त्यांना टोकणे उद्धटपणाचे होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना ज्या वैमानिकाने विमान धावपट्टीवर पळवले तो केएलएम कंपनीच्या ७४७ विमानांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. त्याच्या शेजारच्या सहवैमानिकाची या विमानासाठीची चाचणी सुमारे दोन महिन्यांपूर्वी त्यानेच घेतली होती. त्या सहवैमानिकाने आधी एकदा परवानगी नसल्याची आठवण करून दिली होती. नंतर विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान बाजूला झाले नाही का, असे विचारले. कप्तानाने ठामपणे ‘झाले’ म्हटल्यावर पुढे कोणीही बोलले नाही. ज्याने आपल्याला शिकवले, ज्याने आपल्याला पास केले, त्याला दुसऱ्यांदा टोकण्याची वेळ आली की जीभ जड होते. अशा अपघातांमुळेच १९८१ पासून विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण सुरू केले.

तुमच्या सरांच्या टोपीने त्यांचे स्वतःचे डोके धोक्यात येते हे तर उघडच आहे. पाऊस संपल्यावर सह्याद्रीच्या कड्यांतले दगड सैल झालेले असतात आणि वरच्याच्या पायाखालून, कधी दोर घासूनही ते सुटतात, “दगड!” अशी आरोळी कानावर पडेपर्यंत तो पोहोचलेला असतो. पण टोपीचे दुसरे नुकसान अधिक लांब पोहोचते. सरांनी तोंडाने सांगितलेले मुले विसरतात, सरांनी केलेले विसरत नाहीत. याची लाज वाटावी अशी आठवण माझ्यापाशी आहे. तरुणपणी मी मुलांना “सावकाश, चालत उतरा” असे सांगायचो आणि शेवटी स्वतः मात्र मोठमोठ्या उड्या मारत झोकात खाली यायचो. पुढच्याच शिबिरात एका मुलाने तशीच उडी मारली आणि कातळावर घोटा आपटून घेतला. असे झटके दिले की दोरावर आणि अँकरवर (दोर जिथे बांधला आहे त्या आधारावर) किती जादा ताण येतो हे मी त्याला आदल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवले होते. त्याने फळा पाहिला नव्हता, मला पाहिले होते.

टोकण्याचा प्रश्न आदर राखूनही सुटतो, मात्र तो एकेकट्याच्या धाडसावर सोडू नये. “प्रत्येकाचे लॉक आणि गाठ दुसऱ्याने हात लावून तपासल्याशिवाय कोणीही कडेला जायचे नाही, सरांचे तपासण्याचा मान सर्वांत नव्या मुलाचा” असा नियम संस्थेत करून घ्या. सरांना तो एकांतात, चहाच्या वेळी सुचवा, मुलांसमोर नको. मी एक खोडी करतो : जमिनीवर उभा असताना मुद्दाम लॉक उघडे ठेवून पाठ देतो. पहिल्यांदा केले तेव्हा चौदा जणांपैकी एकही बोलला नाही. नंतर विचारले तर चौघांनी ते पाहिले होते. एकजण म्हणाला, “मला वाटले, तुमचे तसेच असते.”

प्रश्न : सर्व गाठी आणि तंत्रे व्हिडिओवर उत्तम दाखवलेली असताना प्रशिक्षकाची गरज काय? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाठींपुरती फारशी नाही. घरी दोराच्या तुकड्यावर व्हिडिओ पाहून गाठी बसवा, तो वेळ शिबिरात वाचेल. बिले मात्र व्हिडिओवरून शिकू नका, कारण ढील देताना ब्रेकचा हात क्षणभर सुटला हे तुमचे तुम्हाला कळत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्याला दिसते. आणि कातळाचे काही धडे तर पडद्यावर मावतच नाहीत. होल्डवर (हातापायांना आधार देणाऱ्या खडकाच्या उंचवट्यावर) भार टाकण्यापूर्वी मुठीने ठोकून पाहायचे असते. घट्ट खडक टणक, बारीक आवाज देतो आणि सुटायला आलेला खडक रिकाम्या माठासारखा ढब वाजतो. ते कानाला बसवण्यासाठी, एक घट्ट आणि एक सुटलेला असे दोन होल्ड शोधून तुम्हाला त्यांवर आळीपाळीने मूठ मारायला लावणारा आणि तोवर गप्प उभा राहणारा कोणी तरी लागतो.