लढाईतून परतलेल्या जवानांबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जवानांचा आदर करावा का, या वसतिगृहातल्या वादात एक गट म्हणाला, जवानाबद्दल शंका घेणं हेच पाप. दुसरा म्हणाला, परक्या देशात जाऊन माणसं मारणाऱ्यांचा कसला आलाय आदर. तू गप्प बसलीस आणि आता मला विचारतेस, बाजू कोणाची घ्यायची. कोणाचीच घेऊ नकोस. तपशिलात शिरायची दोघांचीही तयारी नाही, म्हणूनच दोघांचं उत्तर इतकं चटकन तयार असतं.

व्हिएतनाम आणि इराकवर बरंच बोलणं झालं म्हणतेस. आपल्याच सैन्याच्या श्रीलंकेतल्या मोहिमेचं नाव मात्र कोणी काढलं नाही. तुला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं आहे, तेव्हा ती तुला माहीत असायलाच हवी.

29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. श्रीलंकेत वेगळ्या राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि आपल्या सैन्याने त्यावर देखरेख करायची, असं ठरलं. म्हणून नाव शांतिसेना. पण त्यांतल्या सगळ्यांत प्रबळ संघटनेने, एलटीटीईने (लिट्टे), शस्त्रं टाकणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं, आणि तिचीच करारावर सही नव्हती. शिवाय याच तमिळ संघटनांच्या पोरांना काही वर्षं आधी आपल्याच गुप्तचर यंत्रणेने प्रशिक्षण दिलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या कैदेत असलेल्या एलटीटीईच्या 12 जणांनी उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याजवळच्या पलालीच्या लष्करी तळावर सायनाइड खाऊन जीव दिला, एलटीटीई करारावर उलटली आणि सगळंच फिसकटलं. देखरेखीला गेलेलं सैन्य अडीच महिन्यांत जाफन्याच्या गल्ल्यांमधून लढत होतं. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणीही त्यात होत्या.

जाफना विद्यापीठाच्या मैदानावर त्या महिन्यात एका रात्री हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जवान उतरले. एलटीटीई दबा धरूनच बसली होती. गोळीबार इतका झाला की मागची कुमक उतरूच शकली नाही. त्या 30 जणांपैकी 29 मारले गेले, एक पकडला गेला. यातल्या कुणाला कोणी विचारलं होतं का, की बाबा रे, हा करार तुला पटतो का? फौजेत भरती होताना माणूस शपथ घेतो, पण पुढची लढाई निवडायचा हक्क त्याला मिळत नाही. तो निर्णय दिल्लीत होतो. दिल्लीत कोण बसणार ते आपण मतपेटीतून ठरवतो. लढाई चुकीची वाटत असेल तर पहिला जाब तिथे विचारायचा, आणि तो मोठ्याने विचारायचा. जवानाच्या जिवाची चाड असलेल्या माणसाने तर आधी विचारायचा.

आमच्या गावातले एक निवृत्त हवालदार त्या मोहिमेत होते. ते सांगतात, तिथे रस्ता दिसला की सोडायचा. डांबराखाली, मोरीखाली सुरुंग असायचे, म्हणून शेताच्या कडेने, ताडाच्या झाडांमधून चालायचं. हातात एसएलआर, म्हणजे एकेक गोळी झाडणारी जुनी रायफल, समोरच्याकडे एके-47. दिवसा ज्या घरातून पाणी मिळालं, रात्री त्याच बाजूने गोळी यायची. ती घरातल्या माणसाने झाडली की त्याच्या परसात लपलेल्याने, हे कळायला मार्ग नव्हता. एका 15 ऑगस्टला गावात माजी सैनिकांचा सत्कार झाला. कारगिलला गेलेल्यांना शाल-श्रीफळ मिळालं. यांची पाळी आली तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने माइकवरूनच विचारलं, "काका, श्रीलंकेशी आपलं युद्ध कधी झालं?" त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला ते कुठल्या धड्यात शिकवलंच नव्हतं.

विस्मरण तेव्हापासूनच सुरू झालं. साधारण 32 महिने राहून आणि सुमारे 1200 जवान गमावून सैन्य मार्च 1990 मध्ये परतलं, तेव्हा मद्रास बंदरावरच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांचे जीव घेणाऱ्या सैन्याचं स्वागत करायचं नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यामागचं दुःख खोटं नव्हतं. पण तो राग बोटीतून उतरणाऱ्या शिपायावर काढायचा नव्हता, तो दिल्लीच्या दारात न्यायला हवा होता. ज्या श्रीलंकेच्या अध्यक्षांनी, प्रेमदासांनी, आपल्याला निघून जा म्हणून सांगितलं, त्याच देशाने पुढे कोलंबोजवळ या जवानांचं स्मारक उभारलं. आपल्या राजधानीत राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला 2019 साल उजाडलं.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, मी पहिल्या गटाचाच. थांब.

21 ऑक्टोबर 1987 ला, ऐन दिवाळीत, आपले जवान जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. आतून गोळीबार झाला, असं सैन्याचं म्हणणं. बचावलेले लोक सांगतात ते वेगळं: रुग्ण, परिचारिका, कर्मचारी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात वर करून बाहेर आलेल्या एका डॉक्टरांनाही मारलं. साठाहून अधिक माणसं गेली. 1989 च्या ऑगस्टमध्ये जाफन्याजवळच्या वल्वेट्टितुराई गावात पुन्हा तसंच झालं, जवानांवर हल्ला झाला आणि सूड गावकऱ्यांवर उगवला. यावर पांघरूण घालायला जवानाबद्दलचा आदर वापरला जात असेल, तर तसल्या आदरात मला भागीदारी नको.

आता त्याच मोहिमेतले मेजर रामस्वामी परमेश्वरन बघ. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईत, पलटण 8 महार. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. त्यांनी वळसा घालून मागून हल्लेखोरांना गाठलं. हातघाईच्या लढाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची बंदूक हिसकावून त्यालाच गोळी घातली, आणि प्राण जाईपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. मोहीम फसली म्हणून त्या रात्रीचं मोल कमी होत नाही. पण मेजर परमेश्वरन आणि रुग्णालयातल्या खाटेवर गोळी झाडणारा, दोघांनाही एकाच हाराने सजवलंस, तर अपमान मेजरांचा होतो. गणवेश अंगावर आहे एवढ्यावरून माणसाला ऐकून घेण्याचा, उपचारांचा, पेन्शनचा आणि आपल्या आस्थेचा हक्क मिळतो. मान मात्र त्याने त्या गणवेशात काय केलं, यावर ठरतो.

हे मी तुला मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तू अधिकारी होणार. आर्मी ॲक्टप्रमाणे शिपायाला बांधतो तो फक्त कायदेशीर हुकूम. तो कायदा नीट वाचून ठेव. आणि एक प्रसंग आत्ताच मनाशी घोळवून ठेव. सकाळी सुरुंगात तुझा एक जवान गेलाय. त्याचा जोडीदार रात्रीपासून झोपलेला नाही, समोर एक घर आहे आणि आतून रडण्याचा आवाज येतोय. त्या दारात सगळ्यांत पुढे तू उभी असशील. तो जवान तुझ्या तोंडाकडे बघेल. त्या क्षणी तुझ्या एका शब्दावर त्या घरातल्यांचे जीव ठरतील, आणि तो जवान उरलेलं आयुष्य काय घेऊन जगेल तेही ठरेल. आज वसतिगृहात तू सरसकट पाठीशी घालायला शिकलीस, तर त्या दारात तुला थांब म्हणता येणार नाही.

वाद परत निघाला तर दोन्ही गटांना एकच गोष्ट विचार: कोणती मोहीम, कोणती तारीख, कोणती पलटण? ज्याला सांगता येईल त्याच्याशी बोलत बस, बाकीच्यांना चहा पाज.

सुट्टीत आलीस की हवालदारांकडे जाऊ. येताना जाफन्याचा नकाशा बघून ये. पलाली कुठे, विद्यापीठ कुठे, समुद्र किती जवळ, एवढं माहीत असलं की ते मोकळे होतात. किती जणांना मारलंत, असं चुकूनही विचारू नकोस. जोडीदार कोण होता, कुठल्या गावचा, हे विचार. रुग्णालयाबद्दलही विचार, पण शेवटी, आणि उत्तर आलं नाही तर रेटू नकोस.

तुझा,
मास्तर