हात, नळ्या आणि थांबवण्याचा हक्क

प्रश्न: वडिलांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. लघवीची नळी अजून तशीच आहे. काढायला सांगावी का?

उत्तर: रोज राउंडच्या वेळी विचारा, "आज नळीची गरज आहे का?" नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका चढत जातो. चादर ओली होते, उठवायला माणूस नाही, ही नळी ठेवण्याची कारणं नव्हेत. त्यासाठी युरिन पॉट आहे, डायपर आहे. लघवी अडकत असेल किंवा तासातासाला मोजायची असेल तर मात्र ती हवीच, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा. तोवर पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहू द्या, पण फरशीला टेकू देऊ नका. एक्स-रेला नेताना ती हमखास पेशंटच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी नळीतून उलटी वर जाते. निघण्याआधी पिशवी रिकामी करून स्ट्रेचरच्या कडेला अडकवायला सांगा.

प्रश्न: सिस्टरांनी हातमोजे घातलेले असतात. तरी सॅनिटायझरची आठवण करून देणं आगाऊपणाचं वाटेल का?

उत्तर: मुळीच नाही. तेच मोजे घालून शेजारच्या कॉटकडे गेलं, तर जंतूही तिथे पोचतात. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच: सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याने 40 ते 60. "सिस्टर, हात झाले का?" एवढं पुरे.

प्रश्न: भेटायला लहान मुलांना नेलं तर चालेल?

उत्तर: वॉर्डचा नियम विचारा. सर्दी-ताप असेल तर मोठ्यांनीही जाऊ नये.

प्रश्न: मी आयसीयूत नवीन स्टाफ नर्स आहे. एक ज्येष्ठ डॉक्टर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना गाऊन घालत नाहीत. बोलू कशी?

उत्तर: हे ओझं तुमच्या एकटीवर पडायलाच नको. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी पाच गोष्टी कसोशीने पाळल्या: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, गाऊन-टोपी-मास्क-ग्लोव्ह्ज आणि पेशंटच्या अंगभर ड्रेप (निर्जंतुक कापड), शक्यतो जांघेतली शीर टाळणं, नको असलेली लाइन लगेच काढणं. 2006 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दीड वर्षात लाइनमुळे होणारा रक्तातला संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटला होता. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. पायरी चुकली आणि तातडी नसेल, तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार तिथे नर्सला दिलेला होता.

असा अधिकार लेखी मिळावा म्हणून इन्चार्ज सिस्टरांमार्फत इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडे जा. तोवर ट्रॉली स्वतः लावा आणि गाऊन उघडून हातात धरा: "सर, गाऊन तयार आहे." तरीही घातला नाही, तर लाइन टाकतानाच्या चेकलिस्टवर "नाही" अशी नोंद करा, तीही त्याच वेळी. क्लोरहेक्सिडिन लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत सुई टोचू देऊ नका. घाईत नेमकं हेच राहून जातं. पुढे लाइन आपल्याच हातात असते. प्रत्येक इंजेक्शनआधी हब (लाइनचं बाहेरचं तोंड) अल्कोहोल स्वॅबने नीट घासून वाळू द्या, आणि ड्रेसिंग सुटलं किंवा ओलं झालं तर पुढच्या ड्युटीवर ढकलू नका.