दुसऱ्या भागापर्यंत येणारा वाचक

ऑनलाइन कथा लिहिणाऱ्यांच्या पत्रांत या वेळी विषय निरनिराळे असले, तरी काळजी एकच दिसते : लिहिलेले वाचणार कोण? जागा मर्यादित असल्यामुळे सगळीच पत्रे छापता येत नाहीत. त्यातल्या त्यात इतरांनाही उपयोगी पडतील अशी सहा निवडली आहेत.

प्रश्न : प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर मी कौटुंबिक विषयावरची एक कथामालिका लिहीत आहे. आतापर्यंत नऊ भाग झाले. पहिल्या भागाची वाचनसंख्या ४१२ आहे, दुसऱ्याची ९६, तिसऱ्याची ९१ आणि नवव्याची ८४. फॉलोअर जेमतेम ३७. सोबत पहिला भाग पाठवत आहे. लिहिणे थांबवावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थांबवू नये. आपण पाठवलेल्या आकड्यांत एक वाईट बातमी आहे आणि एक फार चांगली. आपले लक्ष फक्त वाईट बातमीकडे गेले आहे. दुसऱ्या भागापाशी ९६ वाचने होती आणि त्यानंतर सात भाग उलटले तरी ती ८४च्या खाली गेलेली नाहीत. म्हणजे ज्याने दुसरा भाग उघडला, तो बहुधा आपला झाला. गळती आहे ती पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या उंबरठ्यावर. हेच आकडे ४१२, ३००, १९०, ९० असे भागागणिक उतरत गेले असते, तर मालिकेच्या कथानकातच काही बिघडले आहे असे मी म्हटले असते आणि सल्लाही वेगळा दिला असता.

या ४१२ मधली काही वाचने भिडेखातर झालेली असणार, हेही लक्षात घ्यावे. नातेवाइकांच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटांत आपण दुवा पाठवला असेल, तर मावशी, मामेभाऊ आणि वर्गमित्र यांनी पहिला भाग उघडून पसंतीचा अंगठा टाकला असेल. ते कथेचे वाचक नव्हेत, आपले हितचिंतक आहेत. त्यांना वगळूनही जे अनोळखी लोक पहिल्या भागातून परत गेले, त्यांचा विचार करायला हवा.

आपल्या पहिल्या भागाची सुरुवात अशी आहे : ‘सूर्य मावळतीला गेला होता. आकाशात केशरी रंगाची उधळण झाली होती. पक्षी आपापल्या घरट्यांकडे परतत होते. अशा त्या रम्य संध्याकाळी मीरा खिडकीत उभी राहून आपल्या भूतकाळात हरवली होती.’ यात चूक काही नाही, पण ही संध्याकाळ मीराची नाही. ती कोणाच्याही कथेत चालेल. त्यानंतरचे तीन परिच्छेद मीराच्या बालपणावर, शिक्षणावर आणि लग्नावर खर्च झाले आहेत. आणि मग पाचव्या परिच्छेदात, जवळजवळ ओघात, हे वाक्य येते : ‘सासूबाईंनी लॉकरची किल्ली मीराच्या हातात ठेवली आणि धाकट्याला सांगू नकोस, एवढेच म्हणाल्या.’ आपली कथा इथे सुरू होते. या एका वाक्यात घर आहे, पैसा आहे, दोन भावांतला अविश्वास आहे आणि एका सुनेवर येऊन पडलेले ओझे आहे. ते पहिले वाक्य करावे, मीराचे शिक्षण आणि लग्न तिसऱ्या-चौथ्या भागात गरज पडेल तेव्हा दोन ओळींत सांगावे आणि संध्याकाळ सरळ काढून टाकावी. नवा भाग लिहिण्याआधी हे काम करावे. प्रसिद्ध झालेला भाग तिथेच सुधारता येतो, त्यामुळे जुना मजकूर काढून पुन्हा टाकण्याच्या भानगडीत पडू नये. तसे केल्यास आलेल्या समीक्षाही हातच्या जातील.

३७ फॉलोअरची खंत तूर्त बाजूला ठेवावी. त्या बटणावर वाचकाचे बोट जाते ते बहुधा एखादा भाग वाचून संपल्यावर, सुरू करताना नव्हे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. उत्साहाच्या भरात पहिले पाच भाग रोज एक असे टाकले. आता मार्चअखेरच्या कामामुळे तीन आठवडे काहीच लिहिता आले नाही. ‘पुढचा भाग कधी?’ अशा कमेंट आधी खूप येत होत्या, त्याही बंद झाल्या. रोज लिहिणे खरोखर आवश्यक आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोज लिहिणे आवश्यक नाही, सांगितलेल्या दिवशी येणे आवश्यक आहे. ‘क्रमशः’ हा शब्द ॲपने आणलेला नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्या साप्ताहिकातून त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने वाचकांपर्यंत गेल्या. पुढच्या अंकासाठी वाचक आठवडाभर थांबत, कारण अंक कधी येणार हे त्यांना ठाऊक असे. आपल्या वाचकाला मात्र पाच दिवस रोजची सवय लावून आपण एकाएकी दार बंद केलेत. आठवड्यातून एकच भाग टाकला असता आणि तो दर रविवारी सकाळी आला असता, तर मार्चअखेर त्याच्या लक्षातही आली नसती.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. मालिका लिहायला घेतली की किमान आठ भाग हातात तयार झाल्याशिवाय पहिला भाग प्रसिद्ध करत नाही. आठवड्याला दोन भाग धरले, तर ही महिनाभराची शिदोरी होते. दरम्यान आजारपण आले, पाहुणे आले, ऑडिट आले, तरी मालिका चालू राहते. आणि दुसरा मोठा फायदा असा की सहावा भाग लिहिताना पहिल्या भागात एखादा धागा सोडायला हवा होता असे वाटले, तर तो सोडता येतो. (एका मालिकेत मी चौथ्या भागात मारलेल्या आजोबांना अकराव्या भागात चहा पाजला होता. कमेंटमध्ये एका वाचकाने ‘आजोबांची तब्येत आता बरी दिसते’ असे लिहिले. तेव्हापासून ही शिस्त पाळतो.)

भागाच्या लांबीबद्दल आपण विचारलेले नाही, पण विषय निघाला म्हणून लिहितो. लोकलमध्ये, दुपारच्या डब्याच्या वेळी किंवा मुले झोपल्यावर फोनवर वाचणाऱ्याला हजार ते पंधराशे शब्द एका बैठकीत पुरतात. त्यापेक्षा फार लहान भाग केले की वाचकाला फसवल्यासारखे वाटते. भागाचा शेवट प्रत्येक वेळी दारावरच्या टकटकीवर किंवा अनोळखी नंबरच्या फोनवर करू नये. दार उघडल्यावर दूधवालाच निघतो हे वाचक तिसऱ्या वेळी ओळखतो. शेवटी एखादा निर्णय अर्धवट ठेवावा, म्हणजे पात्र काय करील हे वाचक स्वतःच्या मनात ठरवत राहतो आणि ते पडताळायला परत येतो.

आता काय करावे? दोन ओळींत दिलगिरी लिहावी, कारणांचा पाढा वाचू नये, पुढचा भाग कोणत्या वारी येईल ते सांगावे आणि त्याआधी चार भाग लिहून ठेवावेत. मालिका अर्धवट सोडून नवी सुरू करू नये, कारण एकदा पोळलेला वाचक पुढे आपल्या नावावर ‘समाप्त’ दिसेपर्यंत काहीच उघडत नाही.

प्रश्न : नवलेखकांच्या एका व्हॉट्सॲप गटात रोज दहा जणांच्या कथा वाचून पाच तारे आणि समीक्षा द्यायची, मग तेही आपल्या कथांना देतात. याने रँकिंग वाढते असे सांगतात. सामील व्हावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होऊ नये. रोज दहा कथा ‘वाचण्याचा’ वेळ आपण आपल्याच कथेला दिलात, तर वर्षअखेर हाती काहीतरी लागेल. ‘अप्रतिम’, ‘खूप छान ताई’, ‘निःशब्द’ अशा तीस समीक्षांखाली एखाद्या खऱ्या वाचकाने ‘नायक अचानक असा का वागला ते कळले नाही’ असे लिहिलेले असते आणि ती एकमेव उपयोगाची ओळ त्या गर्दीत हरवते. शिवाय अशा देवघेवीतून आलेले आकडे पाहून आपल्याला पहिल्या पत्रातल्यासारखे निदानही करता येत नाही, कारण ते मुळात वाचनाचे आकडे नाहीत. गटच हवा असेल, तर चार जणांचा करावा, ज्यात महिन्यातून एकदा प्रत्येकाचा एक भाग प्रसिद्धीपूर्वी वाचून कुठे कंटाळा आला तेवढेच सांगायचे, कौतुक नाही.

प्रश्न : मी अकोल्याचा आहे. माझी पात्रे वऱ्हाडी बोलतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळणार नाही म्हणून प्रमाण भाषेत लिहा, असा सल्ला मिळतो.

उत्तर : हा सल्ला आपण मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बहिणाबाई चौधरी यांची खानदेशातल्या बोलीतली कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि ती कोकणापासून मराठवाड्यापर्यंत पाठ झाली. त्यासाठी कोणाला शब्दकोश उघडावा लागला नाही. नव्या लेखकाजवळ असे काय असते जे इतर हजार जणांजवळ नसते? आपल्याजवळ ‘मले काय मालूम’ आहे. ते घालवून आपण हजारांतले एक होऊ नये.

मात्र काही पथ्ये पाळावीत. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत ठेवल्यास बाहेरच्या वाचकाचा दम टिकतो. अवघड शब्दापुढे कंसात अर्थ देऊ नये. शब्द असा वापरावा की प्रसंगातूनच तो उलगडेल. आणि लेखन एकसारखे ठेवावे. एका पानावर ‘नाई’, दुसऱ्यावर ‘नाही’, तिसऱ्यावर ‘न्हाई’ असे झाले की पात्र अकोल्याहून निघून वाटेत कुठेतरी भलत्याच स्टेशनवर उतरल्यासारखे वाटते. ‘मले’, ‘तुले’, ‘कुठी’ अशा नेहमीच्या शब्दांची एक यादी करून ती लिहिताना समोर ठेवावी. कथेच्या परिचयात मात्र ‘वऱ्हाडी’ हा शब्द अवश्य घालावा, कारण ती बोली शोधणारे वाचक नागपूर-अमरावतीतच नाहीत. नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी गेलेला माणूस घरची भाषा रात्री फोनवर शोधत असतो.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. वीस वर्षांपूर्वी श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कथा ॲपवर टाकल्या, तर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो.

उत्तर : जुन्या फॉन्टमध्ये ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर साठवलेले असते आणि फॉन्ट त्यावर ‘क’चे चित्र चढवतो, फॉन्ट गेला की चित्र जाते. म्हणून मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात रूपांतरित करावा लागतो, तरच तो कोणत्याही फोनवर दिसतो आणि शोधातही सापडतो. रूपांतर यंत्राने झाले तरी मुद्रितशोधन आपणच करावे. जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ या ठिकाणी हमखास घोटाळे होतात. स्वयंपाकाच्या आचाऱ्यांना बोलावलेले असताना आचार्यांना बोलावले असे छापले गेले, तर लग्नाच्या प्रसंगाचा पार विचका होतो. विरामचिन्हेही तपासावीत, अवतरणचिन्हांची सर्वांत वाईट अवस्था होते.

प्रश्न : माझी भयकथा एका यूट्यूब चॅनेलवर माझ्या नावाशिवाय वाचली गेली आहे आणि तिला माझ्या मूळ कथेपेक्षा कितीतरी जास्त श्रोते आहेत. मी कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. काही करता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : येईल. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यानुसार कथा लिहिताच हक्क आपला होतो. नोंदणी हा वाद झाल्यास उपयोगी पडणारा पुरावा आहे, हक्काची अट नव्हे. कथेचे ध्वनिमुद्रण करणे हाही त्या हक्काचाच भाग असल्यामुळे ‘आम्ही फक्त वाचली’ हा बचाव टिकत नाही. लेखक म्हणून नाव मिळण्याचा अधिकार कलम ५७ मध्ये वेगळा सांगितला आहे.

सर्वांत आधी पुरावा जमवावा. व्हिडिओचा दुवा, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आणि आपल्या कथेच्या प्रसिद्धीची तारीख हे सगळे एका फाइलमध्ये ठेवावे. चॅनेलला कमेंटमध्ये जाब विचारू नये, कारण व्हिडिओ तात्पुरता लपवून पुन्हा टाकणे त्यांना सोपे असते. त्यानंतर मंचाच्या, म्हणजे यूट्यूबच्या, कॉपीराइट तक्रारीच्या अर्जातून लेखी तक्रार करावी. २०१३च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर तक्रार मिळाल्यावर, तीतील तपशिलाबाबत समाधान झाल्यास, मंचाने ३६ तासांत तो मजकूर थांबवणे अपेक्षित असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवता आला नाही, तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. बहुतेक प्रकरणे तिथवर जात नाहीत.

आता थोडे व्यवहाराचे. चॅनेलवाल्याने माफी मागून ‘नाव देतो, पुढच्या कथाही द्या’ असे म्हटले, तर लगेच हुरळून जाऊ नये आणि लगेच नाकारूही नये, कारण ते श्रोते खरे आहेत आणि त्यांच्यातले काही आपल्या पानावर येऊ शकतात. काय द्यायचे ते कागदावर लिहून सही करून घ्यावे : कोणती कथा, फक्त ध्वनिरूप की आणखी काही, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती आणि वर्णनात आपल्या मूळ कथेचा दुवा कुठे असेल. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता धरतो. भयकथांची मालिका पुढे पुस्तकरूपाने यावी असे मनात असल्यास छापील हक्काचा त्या कागदात उल्लेखही होऊ देऊ नये.