संत्रा उत्पादक गटाच्या पोर्टलसाठी कोणती प्रणाली निवडावी?

प्रश्न : आमच्या गटाला मराठी पोर्टल सुरू करायचे आहे. त्यावर बाजारभाव, फवारणीचे सल्ले, सभेच्या सूचना आणि सभासदांची यादी असावी, अशी अपेक्षा आहे. एक तरुण संकेतस्थळ बांधण्यासाठी ड्रुपल ही तयार प्रणाली सुचवतो, दुसरा तशीच वर्डप्रेस म्हणतो, तर तिसऱ्याच्या मते सरळ ॲपच करून घ्यावे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : पोर्टल बांधणारा मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर मागे राहिलेल्यांपैकी ते कोण चालवील, हे आधी ठरवावे, प्रणालीची निवड त्यावरूनच होईल. ॲपचा विचार तूर्त सोडावा, कारण ते बनवून भागत नाही. गुगल प्लेच्या नियमांनुसार ते वेळोवेळी नव्या अँड्रॉइडसाठी अद्ययावत करावे लागते.

ड्रुपल भक्कम आहे. सभासदांना निरनिराळे अधिकार द्यायचे असतील किंवा माहितीचे प्रकार गुंतागुंतीचे असतील, तर ते वर्डप्रेसपेक्षा सरसच ठरते. मात्र २०१५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत त्याचा गाभाच बदलला, सातव्या आवृत्तीवरील अनेक संकेतस्थळे जवळजवळ नव्याने बांधावी लागली आणि सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. अशी उलथापालथ पेलणारा जाणकार गटात कायम नसेल, तर वर्डप्रेसच घ्यावे. ते साध्या, स्वस्त होस्टिंगवर (संकेतस्थळ ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवर) चालते, त्याचे व्यवस्थापन मराठीतून करता येते आणि मोबाइलवर ऑनलाइन अर्ज भरू शकणारा सभासद सूचना टाकायला लवकर शिकतो. प्लगइन (जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मात्र मोजकेच ठेवावेत. अद्ययावत न केलेले प्लगइन हीच घुसखोरांची नेहमीची वाट असते.

प्रणालीपेक्षा मजकुराचा विचार अधिक करावा, असे मला वाटते. गटाची जुनी परिपत्रके कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील, तर ती आधी युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत आणावीत, अन्यथा ती शोधूनही सापडणार नाहीत. बाजारभाव रोज हाताने भरण्याचा उत्साह महिनाभरात ओसरतो. त्याऐवजी राज्य कृषी पणन मंडळाच्या दरपत्रकाचा दुवा द्यावा. पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो टाकून सल्ला विचारणे व्हॉट्सॲपवरच चालू राहील, आणि ते राहू द्यावे. तेथील उपयुक्त उत्तरे जाणकाराकडून तपासून, अंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांनुसार लावून पोर्टलवर ठेवली, तर डिंक्या रोगाविषयीचा तोच प्रश्न दर हंगामात नव्याने विचारावा लागणार नाही. पोर्टलचे खरे काम हेच आहे.

सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि सातबाऱ्याचा तपशील मात्र सर्वांसाठी खुला ठेवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. यादी केवळ लॉगिन केलेल्या सभासदांना दिसावी आणि तीही प्रत्येकाची लेखी संमती घेऊनच.

डोमेनची (पोर्टलच्या पत्त्याची) नोंदणी कोणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर न करता गटाच्या ईमेलवर करावी, आणि नूतनीकरणाची तारीख व पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव या दोघांकडेही असावेत.