प्रश्न वाचकांचे : आदाम, हव्वा आणि फासळीची कथा

प्रश्न : आमच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहते आणि माझ्या कार्यालयातील एक सहकारी मुस्लिम आहेत. गप्पांमध्ये आदाम आणि हव्वेचा विषय निघाला, तेव्हा पुरुषाच्या फासळीतून स्त्री निर्माण झाली असे दोघांनीही सांगितले. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम यांची ही कथा एकच आहे का? आणि स्त्री दुय्यम आहे, असाच तिचा अर्थ लावला जातो का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आधी मूळ कथाच नीट वाचली पाहिजे, कारण बहुतेक मतभेदांचा उगम तिथे आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात मानवाची निर्मिती दोनदा सांगितलेली आहे. पहिल्या अध्यायात देव सहाव्या दिवशी पशू निर्माण करतो आणि त्यानंतर स्वतःच्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण करतो. तिथे नर आणि नारी यांचा उल्लेख एकाच वाक्यात येतो आणि फासळीचा मागमूसही नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र देव प्रथम मातीचा मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, त्याला एदेन बागेत ठेवतो, नंतर पशुपक्षी घडवून त्याच्यापुढे आणतो आणि त्यांत त्याला साजेसा सोबती सापडत नाही तेव्हा त्याला गाढ झोप आणून त्याच्या फासळीची स्त्री बनवतो. या दोन कथा वेगवेगळ्या लेखकांच्या असून पुढे त्या एकत्र गुंफल्या गेल्या, असे आधुनिक अभ्यासक बहुतांशी मानतात. परंतु ज्यांच्यासाठी हा संपूर्ण ग्रंथच देववाणी होता, त्यांना दोन्ही कथा खऱ्या धरून त्यांचा मेळ घालावा लागला, आणि हा मेळ प्रत्येकाने आपापल्या परीने घातला.

ज्यू परंपरेतील एक उत्तर मला फार विलक्षण वाटते. साधारण पाचव्या शतकात संकलित झालेल्या ‘बेरेशित रब्बा’ या उत्पत्तीवरील टीकाग्रंथात रब्बी (ज्यू धर्मगुरू) श्मुएल बार नाखमान म्हणतात की पहिला मानव दोन तोंडांचा होता, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे, पाठीला पाठ लागलेली. देवाने त्याला मधोमध चिरले आणि दोघांना स्वतंत्र पाठी दिल्या. अर्थातच त्यांना विचारले गेले की ग्रंथात तर फासळी म्हटले आहे, त्याचे काय? त्यांनी उत्तर दिले की तोच हिब्रू शब्द उपासनामंडपाच्या बाजूसाठीही आला आहे, म्हणजे देवाने फासळी नव्हे, तर एक संपूर्ण बाजू वेगळी केली. या वाचनात पुरुष आधी आणि स्त्री नंतर हा क्रमच उरत नाही. मात्र त्याच ग्रंथात पुढे अगदी वेगळ्या सुराचा एक उताराही आहे. तो म्हणतो, स्त्रीने डोके उंचावून मिरवू नये म्हणून देवाने तिला डोक्यातून घडवले नाही, इकडेतिकडे पाहत राहू नये म्हणून डोळ्यातून नाही, चोरून ऐकू नये म्हणून कानातून नाही, आणि तरीही हे सारे दोष तिच्यात आलेच. एकाच परंपरेने, एकाच ग्रंथात ही दोन्ही वाचने शेजारीशेजारी जपून ठेवली, हे ध्यानात घेतल्यावर ‘ज्यू धर्म काय सांगतो’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

ख्रिस्ती परंपरेत या कथेचा स्त्रियांवर सर्वांत खोल परिणाम झाला तो नव्या करारातील पत्रांमुळे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये असे सांगून कारण दिले आहे की आदाम आधी घडवला गेला आणि फसवली गेली ती स्त्री (उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप तिला भुलवून मना केलेले फळ खायला लावतो आणि ती ते आदामालाही देते). हे पत्र स्वतः ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याचे आहे की नाही याविषयी अभ्यासकांत वाद आहे, पण शतकानुशतके चर्चमध्ये त्याचा आधार घेतला गेला. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल असा युक्तिवाद करू लागतो खरा, परंतु लगेच त्याला तोल देतो : स्त्री पुरुषापासून झाली हे जितके खरे, तितकेच पुरुष स्त्रीच्या द्वारे जन्मतो हेही खरे, आणि सर्व काही देवापासून आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मशास्त्र्याने अवयवांचाच दाखला घेतला, पण उलट दिशेने. स्त्रीने पुरुषावर सत्ता चालवू नये म्हणून ती डोक्यातून घडली नाही आणि पुरुषाने तिला दासीसारखे तुच्छ लेखू नये म्हणून पायातूनही नाही. ती फासळीतून घडली, कारण त्यांचे नाते सोबतीचे आहे. तोच अक्विनास अन्यत्र अॅरिस्टॉटलच्या प्रभावाखाली स्त्रीला स्वभावतः अपूर्ण म्हणतो, हेही सांगायला हवे. अलीकडच्या काळात, १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात लिहिले की स्त्रीवर पुरुषाची सत्ता राहील हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील वाक्य पापाचा परिणाम वर्णन करते, देवाची मूळ योजना नव्हे. तुमच्या शेजाऱ्यांच्या चर्चची ही आजची भूमिका आहे, मग पुरोहितपद केवळ पुरुषांना देण्याशी ती कितपत जुळते याविषयी त्या चर्चमध्येच वाद चालू असला तरी.

तुमच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट बहुधा तुम्हाला ठाऊक नसेल. कुराणात फासळीची कथा नाही. हव्वेचे नावही तिथे येत नाही. आदमची पत्नी एवढाच उल्लेख आहे. ‘निसा’ या सूरेच्या (अध्यायाच्या) पहिल्याच आयतीत (वचनात) म्हटले आहे की ईश्वराने तुम्हाला एका जिवापासून निर्माण केले, त्याच्यापासूनच त्याचा जोडीदार निर्माण केला आणि त्या दोघांपासून पुष्कळ स्त्रीपुरुष पसरवले. फासळी येते ती हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत पैगंबरांचे वचन आहे की स्त्रियांशी चांगले वागा, कारण स्त्री फासळीपासून झाली आहे आणि फासळी सरळ करू गेलात तर मोडेल. तबरीसारख्या जुन्या भाष्यकारांनी ज्यू-ख्रिस्ती कथांच्या आधारे कुराणातील ती आयत भरून काढली, तर अमीना वदूद यांच्यासारख्या आजच्या अभ्यासक कुराणातील शब्दांपाशीच थांबण्याचा आग्रह धरतात. मोहाच्या प्रसंगातही फरक आहे : कुराणात सैतान दोघांनाही भुलवतो, ‘ताहा’ सूरेत तर तो आदमशीच बोलतो, आणि पुढे दोघे मिळून क्षमा मागतात. हव्वेने आदमला बिघडवले, असा ठपका तिथे नाही.

स्त्री दुय्यम ठरते ती कथेमुळे कमी आणि कथा कोण वाचतो यामुळे अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच आपल्या पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि १९२२ मध्ये निधन होण्याआधी ते काम पूर्ण केले, याचे मोल मला फार मोठे वाटते.

प्रश्न : उत्क्रांतिवाद मान्य असलेला माणूस ही कथा मानू शकतो का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : पुष्कळजण मानतात. सृष्टी इसवी सन पूर्व ४००४ मध्ये निर्माण झाली असे गणित आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात मांडले, आणि आजही काही प्रॉटेस्टंट पंथ पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच धरतात. पण उत्पत्तीतले दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे समजू नयेत, हा विचार डार्विनच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिनने मांडला होता. निसर्गाविषयी ख्रिस्ती माणसाने अज्ञानाने काहीबाही बोलले तर ऐकणाऱ्यांचा त्याच्या धर्मग्रंथावरचाही विश्वास उडेल, असा इशारा त्याने दिला होता. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मुभा दिली, मात्र प्रत्येक आत्मा देव स्वतः निर्माण करतो, ही अट ठेवून. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ गृहीतक राहिलेला नाही. ज्यूंमध्ये रब्बी अब्राहम कूक यांना उत्क्रांतीत आणि ज्यू गूढविद्येत विरोध दिसला नाही. मुस्लिम विद्वानांत एकमत नाही. इतर प्राण्यांची उत्क्रांती मान्य करून आदमची निर्मिती मात्र अपवाद मानणारे अनेक आहेत.

प्रश्न : आदामाने फळ खाल्ले, त्याचे पाप आजच्या बाळाला कसे लागते? माझी मैत्रीण ख्रिस्ती आहे, पण तिलाही हे नीट सांगता आले नाही. (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : तुमच्या मैत्रिणीला ते सांगता आले नाही यात नवल नाही, कारण या मुद्द्यावर खुद्द ख्रिस्ती चर्चमध्येच फूट आहे. आदामाच्या द्वारे पाप आणि पापाच्या द्वारे मरण जगात आले, हे पौलाचे रोमकरांना लिहिलेले वाक्य धरून ऑगस्टिनने पाश्चात्त्य चर्चमध्ये हा विचार रुजवला की आदामाचा दोष जन्मासोबतच प्रत्येकाकडे येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च मानते की आदामाकडून आपल्याला मर्त्यपणा आणि दुर्बलता मिळाली, त्याचा अपराध नव्हे. ज्यू भाविक तर रोज सकाळी प्रार्थनेत म्हणतो की देवा, तू मला दिलेला आत्मा निर्मळ आहे. इस्लाममध्ये आदमने क्षमा मागितली आणि ती त्याला मिळाली, तिथेच तो विषय संपतो; कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे कुराण स्पष्ट सांगते.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. ऑगस्टिनचे मत मान्य केले तर बाप्तिस्म्याआधी, म्हणजे हा दोष धुणाऱ्या जलसंस्काराआधी, दगावलेल्या बाळाचे काय होते, हा प्रश्न उभा राहतो, आणि युरोपात शेकडो वर्षे कितीतरी आयांना त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. अशा बाळांना दुःख नसते, पण देवदर्शनही होत नाही, असे धर्मशास्त्री त्यांना सांगत आले. अखेर एप्रिल २००७ मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने एक निवेदन प्रसिद्ध केले आणि बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांचा उद्धार होईल अशी आशा बाळगण्यास गंभीर धर्मशास्त्रीय आधार आहे, असे त्यात नमूद केले.