पत्ता हाती आहे, परवानगी आहे का?

ईमेल मार्केटिंग आणि खासगी माहितीचे कायदे या विषयावर आलेल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न: आमच्याकडे बारा हजार पत्ते आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी संमती दिल्याची नोंद सापडत नाही. सगळ्यांना "आमचे मेल हवेत का?" असं एकदाच विचारून घेतलं तर?

असं करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, म्हणूनच जरा सविस्तर सांगतो. संमती मागायला पाठवलेला मेलही मार्केटिंगचाच मेल धरला जातो. 2017 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने नेमक्या याच चुकीसाठी दोन कंपन्यांना दंड केला. फ्लायबी या विमान कंपनीने, मेल नकोत असं आधीच कळवलेल्या 33 लाखांहून अधिक लोकांना "तुमची माहिती बरोबर आहे ना?" असं विचारलं, दंड झाला 70,000 पौंड. होंडाने पसंती विचारणारे सुमारे 2,90,000 मेल पाठवले, पण त्या लोकांच्या संमतीचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. आपण कायदा पाळण्यासाठीच हे केलं, असं होंडाचं म्हणणं होतं. तरीही 13,000 पौंड भरावे लागले.

मग करायचं काय? यादी फोडा. ज्यांनी तुमच्याकडून खरेदी केली, खरेदीच्या वेळीच पत्ता दिला आणि ज्यांना नकार द्यायची सोय तेव्हाही होती, त्यांना तशाच वस्तूंबद्दल मेल पाठवायला युरोपात मुभा आहे. मात्र प्रत्येक मेलमध्ये नकाराची सोय हवी. ज्यांच्या संमतीची पक्की नोंद आहे, ते राहू द्या. बाकीचे पत्ते काढून टाका. जिवावर येतं, कबूल आहे.

आणि जी "नोंद" आहे तीही उघडून पाहा. मी तपासलेल्या एका यादीत प्रत्येक नावापुढे "संमती: हो" लिहिलेलं होतं आणि तारीख-वेळ सगळीकडे सेकंदापर्यंत एकच. ती वेळ होती फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवल्याची. नोंद म्हणजे कोणी, कधी, कोणत्या फॉर्मवर होकार दिला आणि त्या चौकटीशेजारी तेव्हा नेमकं कोणतं वाक्य होतं, हे सगळं.

प्रश्न: अमेरिकेत आधी संमती लागत नाही म्हणतात. मग विकत घेतलेली यादी का वापरू नये?

अर्धंच खरं. अमेरिकेचा 2003 चा कॅन-स्पॅम कायदा आधी संमती मागत नाही. पण फसवा विषय चालत नाही, टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो आणि नकार आल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत मेल थांबवावे लागतात. विकतच्या यादीत मात्र कॅनडातले, जर्मनीतले लोकही असतात. तिथे आधी होकार लागतो, आणि बहुतेक वेळा मेल घेणारा कुठे आहे यावरून कायदा ठरतो. कॅनडात कंपनीला 1 कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जीडीपीआर या युरोपच्या खासगी माहितीच्या कायद्याखाली दंडाची कमाल मर्यादा 2 कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 4 टक्के, यांपैकी जी जास्त ती. यादी विकणारा "सगळे संमतीचे पत्ते आहेत" म्हणेल. त्या लोकांनी होकार देताना तुमचं नाव वाचलं होतं का, एवढंच त्याला विचारा.

प्रश्न: पावतीच्या मेलखाली कूपन टाकलं तर चालतं का?

नुसत्या पावतीला मार्केटिंगची संमती लागत नाही. कूपन टाकलं की तो मेल जाहिरातीकडे झुकतो. पावती पावतीच राहू द्या.

प्रश्न: अनसबस्क्राइब करण्यासाठी लॉग-इन करायला सांगतो. चूक आहे का?

हो, आणि ती आजच दुरुस्त करा. जीडीपीआरच्या सातव्या कलमानुसार संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. अमेरिकेतही अशी अट घालता येत नाही. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मार्केटिंगचे मेल पाठवणाऱ्यांकडून एका क्लिकची सोय मागतात. दिवसाला 5,000 हून जास्त मेल जीमेलवर जात असतील, तर हे तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न: एका बाईंनी "माझी सगळी माहिती पुसा" असं कळवलं. आम्ही पुसली. तीन महिन्यांनी त्यांना पुन्हा आमचा मेल गेला! असं कसं झालं?

बहुधा कोणीतरी जुनी एक्सेल फाइल पुन्हा चढवली. त्या बाईंचा नकारही तुम्ही पुसून टाकल्यामुळे सॉफ्टवेअरला त्या नव्याच वाटल्या. यासाठी "मेल पाठवू नये" अशी वेगळी यादी ठेवा. तिच्यात फक्त पत्ता. नाव, फोन, खरेदी काही नाही. ती यादी दुसऱ्या कशासाठीही वापरू नका आणि पत्ता कशासाठी ठेवला आहे ते त्या व्यक्तीला कळवा. नवी फाइल चढवण्याआधी ती या यादीशी ताडून पाहा.

पत्ता उघडा ठेवण्यापेक्षा त्याचा हॅश, म्हणजे पत्त्यापासून गणिताने बनवलेली सांकेतिक खूण, ठेवलेला बरा. मात्र आधी सगळी अक्षरं लहान करून घ्या आणि मागची-पुढची रिकामी जागा काढा. शेवटी एक स्पेस जरी राहिली तरी हॅश जुळणार नाही, आणि मेल पुन्हा त्याच बाईंना जाईल.