बेसबॉलमधला रिलीफ पिचर फक्त 15-20 चेंडू टाकतो, मग त्याचं करिअर इतकं अवघड का मानतात? आणि भारतातून कुणी तिथवर पोचलंय का?

क्रिकेट पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे बॉलर चार षटकं टाकतो, मध्ये सीमारेषेवर उभा राहतो, पुन्हा येतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून सुरुवात करणारा स्टार्टर थकला किंवा मार खाऊ लागला की बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेतून) रिलीव्हर, म्हणजे रिलीफ पिचर, बोलावतात.

तुम्हाला दिसतात ते 15-20 चेंडू मैदानावरचे. बुलपेनमधला फोन वाजला की तो हळूहळू हात मोकळा करतो आणि मग पूर्ण जोर लावून 15-25 चेंडू टाकतो. माउंडवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) आल्यावर साधारण आठ सरावाचे चेंडू, आणि मग खरा सामना. अनेकदा तो पूर्ण गरम होतो, तेवढ्यात स्टार्टर इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी एक) निभावून नेतो आणि याला परत बसवतात. स्कोअरकार्डवर त्या संध्याकाळची काहीच नोंद नसते, खांद्यावर मात्र असते. चांगला बुलपेन कोच या चेंडूंचीही वहीत नोंद ठेवतो. एका दिवशी 25-30 चेंडू गेले तर दुसऱ्या दिवशी शक्यतो विश्रांती, आणि सलग तिसऱ्या दिवशी वापरायचं नाही, असा बहुतेक संघांचा रिवाज आहे. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या) 162 सामन्यांच्या हंगामात 60-70 सामने खेळणाऱ्याचा खरा कस इथे लागतो: काल टाकून आज पुन्हा त्याच वेगाने टाकता येणं.

बहुतेक रिलीव्हर मुळात रिलीव्हर नसतात. स्टार्टरला एकाच बॅटरला एका सामन्यात दोन-तीनदा सामोरं जावं लागतं, म्हणून किमान तीन प्रकारचे चेंडू हवेत. ज्याच्याकडे दोनच उत्तम आहेत, तो एका इनिंगपुरता भयंकर ठरतो, कारण बॅटरला ते पुन्हा पाहायला मिळत नाहीत आणि ताकद राखून ठेवावी लागत नसल्याने वेगही वाढतो. डेनिस एकर्सली हा वर्षानुवर्षं स्टार्टर होता. 1987 मध्ये ओकलंड संघाने त्याला बुलपेनमध्ये नेलं आणि 1992 मध्ये त्याने साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही पुरस्कार मिळवले. ट्रेव्हर हॉफमन शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, केनली जॅन्सन कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा). हात जोरदार, बॅट चालेना, म्हणून माउंडवर आले.

मारियानो रिव्हेराचं करिअर मला या कामाचा सर्वोत्तम नमुना वाटतं. पनामाचा हा मुलगा 1995 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाकडून आला तेव्हा त्याने स्टार्टर म्हणून 10 सामने सुरू केले आणि फारसं जमलं नाही. 1996 मध्ये तो क्लोजरच्या (आघाडी राखून सामना संपवणाऱ्या रिलीव्हरच्या) आधीच्या इनिंग सांभाळू लागला, म्हणजे सेटअप झाला. त्या हंगामात 107⅔ इनिंग आणि 130 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). 1997 पासून क्लोजर. त्याच वर्षी त्याला कटर सापडला: फास्टबॉलसारखाच येणारा, पण शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या मुठींकडे वळणारा चेंडू. पुढची 16 वर्षं मुख्यतः तो एकच चेंडू. 652 सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), कारकिर्दीचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांशिवाय गेलेले रन) 2.21, आणि 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी 425 पैकी 425 मतं. पण नियमित हंगामांत सेव्हच्या 80 संधी त्याच्याही हातून निसटल्या, आणि त्याशिवाय 2001 च्या वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) सातवा सामनासुद्धा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच विश्वासाने चेंडू हातात घेणं हे या कामातलं सर्वांत दुर्मीळ कौशल्य आहे.

आता ‘सेव्ह’ या आकड्याबद्दल. तो 1969 पासून अधिकृत आहे. तीन किंवा कमी रनांची आघाडी असताना येऊन किमान एक इनिंग टाकून सामना जिंकत संपवला की सेव्ह मिळतो (आणखी दोन पर्यायी अटी आहेत). माझ्या मते हा आकडा फार फसवा आहे. तीन रनांच्या आघाडीवर कोऱ्या नवव्या इनिंगला आलेल्याला सेव्ह मिळतो. सातव्या इनिंगला एका रनाच्या आघाडीवर, तिन्ही बेस भरलेले असताना येऊन सामना वाचवणाऱ्याला बहुधा मिळत नाही. पैसा मात्र सेव्हकडे जातो. यांकीजचा रिलीव्हर डेलिन बेटान्सेस 2014 ते 2016 सलग तीन वर्षं ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक उत्तम खेळाडूंपैकी) होता, पण मुख्यतः क्लोजर नव्हता. 2017 च्या पगार-लवादात त्याने 50 लाख डॉलर मागितले, यांकीजनी 30 लाख म्हटले, आणि लवादाने 30 लाखच मान्य केले.

ईआरएही जपून वाचा. 60 इनिंगमध्ये 20 अर्न्ड रन म्हणजे 3.00. त्यातच एखाद्या वाईट रात्री पाच रन जास्त गेले असते तर तोच आकडा 3.75 झाला असता. शिवाय आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेले खेळाडू धावून आले तर ते रन आधीच्याच्या नावावर चढतात. म्हणून मी आधी स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळालेला बेस) यांचं प्रमाण पाहतो, मग तो कोणत्या स्थितीत येतो ते.

करिअर मोडतं कुठे? सर्वांत आधी कोपरात. अल्नर कोलॅटरल लिगामेंट फाटलं की टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि परतायला साधारण 12 ते 18 महिने. लिगामेंट फाटण्याआधी बऱ्याचदा वेग एक-दोन मैलांनी उतरतो किंवा चेंडू सोडण्याची जागा सरकते आणि वॉक वाढतात.

दुसरं कारण कागदावरचं. नव्या खेळाडूला क्लबच्या ‘ऑप्शन’ असलेल्या तीन हंगामांत खालच्या पातळीवर पाठवता येतं, आता एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा. काल तीन इनिंग टाकून दमलेला, ऑप्शन शिल्लक असलेला रिलीव्हर आज ट्रिपल-एला (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीला) जातो, कारण संघाला ताजा हात हवा असतो. त्याने उत्तम टाकलं तरीही. 2025 चा किमान पगार 7,60,000 डॉलर होता, पण तो वरच्या संघात असलेल्या दिवसांपुरताच. आणि 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाल्यावर मुक्त करार, म्हणजे हव्या त्या संघाशी बोलणी. फार थोडे तिथवर टिकतात. टिकले तर 2022 मधल्या एडविन डियाझसारखा पाच वर्षांचा 10.2 कोटी डॉलरचा करारही होतो.

भारताबद्दल: उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू 2008 मधल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सपर्यंत पोचले. पटेलला 2010 मध्ये सोडलं. डावखुरा रिंकू मायनर लीगमध्ये (मेजर लीगखालच्या स्पर्धांमध्ये) मुख्यतः रिलीव्हर म्हणून खेळत 2012 पर्यंत सिंगल-एच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवरमध्ये होता. तिथून मेजर लीगपर्यंत अजून तीन पायऱ्या बाकी होत्या: हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. पुढे दुखापतींनी त्याला सामनेच खेळू दिले नाहीत आणि 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईकडे कुस्तीला गेला.